सगळ्यांच्या फॉर्मवर एकच टिक

"तिला सफाई करून घ्यायला सांगून टाकू," डायरेक्टरसाहेब म्हणाले. "पुढची कटकट नको."

सफाई म्हणजे गर्भपात. ती म्हणजे कन्नौदची ममता. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच दिवस गेले होते. पोटदुखीसाठी आमच्या देवासच्या हॉस्पिटलात तिचा सीटी स्कॅन झाला आणि आठवड्याने सोनोग्राफीत कळलं, स्कॅनच्या दिवशीही ती गरोदर होती.

मी तिथे रेडिएशन सेफ्टी ऑफिसर. कोणाच्या अंगात किती रेडिएशन गेलं, हे बघणारा. एरवी मला कोणी चहालाही विचारत नसे.

"डोस किती गेला ते बघितलंत?"

"आता त्याने काय फरक पडतो?"

एवढं शिकलेला माणूस हे विचारतो! फरक डोसनेच तर पडतो. मशीनमधल्या नोंदीवरून मी दोनदा गणित केलं. बाळाला इजा होते त्या पातळीच्या हा डोस खूपच खाली होता. धोका अगदी शून्य नव्हता, पण एवढ्यासाठी गर्भ पाडायला सांगणं हा निव्वळ भित्रेपणा होता.

टेक्निशियनने फाइल पुढे केली. "सर, फॉर्म में तो साफ लिखा है, गर्भवती नहीं."

'नाही'वर टिक होती खरी. तिरकी, लांब शेपटीची. खालच्या फॉर्मवर तीच टिक, तीच शेपटी. त्याखालचा फॉर्म तर बदनावर गावच्या बहात्तर वर्षांच्या आजोबांचा! एकदा भरलेल्या फॉर्मच्याच या शहाण्यांनी झेरॉक्स काढून ठेवल्या होत्या.

मी डायरेक्टरसाहेबांना म्हणालो, "सफाईचा सल्ला लेखी द्या, तुमच्या सहीने. खाली मी डोसचा आकडा लिहितो." साहेबांना एकदम मीटिंग आठवली.

मग ममताला आणि तिच्या नवऱ्याला मीच समजावलं. नवऱ्याने विचारलं, "भिया, सच्ची बोलो, बच्चा ठीक रहेगा?"

"पक्की गारंटी कोई नहीं दे सकता. पर इस स्कैन के डर से मत गिराना."

ममता तेवढं एकच बोलली. "मेरे से तो किसी ने पूछा ही नी. पूछते तो बता देती, महीने की तारीख ऊपर हो गई थी."

मला फार लाज वाटली.

मुलगी झाली, धडधाकट. पेढे आले तेव्हा पहिला डायरेक्टरसाहेबांनीच उचलला. नवे फॉर्म छापले, गर्भवतीचा रकाना कोरा ठेवून. पहिल्याच दिवशी टेक्निशियन तोंड पाडून आला.

"सर, अब सबसे पूछना पड़ेगा?"

"हाँ," मी म्हटलं. "मर्दों को छोड़ दे."

तेवढ्यानेही त्याला हायसं वाटलं.