कठड्यावरून डेकवरचा माणूस

लिव्हरपूलला मी चार जागा बघायला म्हणूनच गेले, पण सोबत अब्बांचं एक काम होतं.

अब्बा तरुणपणी विलायती बोटीवर खलाशी होते. लिव्हरपूलच्या गोदीत शिरताना नदीकाठच्या कठड्यापाशी माणसं दिसायची. टोप्या घातलेली, मुलांना खांद्यावर घेतलेली. अब्बा डेकवरून हात हलवायचे. तिकडून कधी कुणी हात हलवला नाही. आता म्हातारपणी ते आमच्याकडे दुबईला, खाडीकाठच्या देरा भागात राहत होते. नवऱ्याबरोबर मी विलायतेला निघाले तेव्हा म्हणाले, "त्या कठड्यापाशी उभी राहा. तिथून डेकवरचा माणूस दिसतो का, तेवढं बघून ये."

नवरा हसला. "अब्बा, लोक लोकरीचा स्वेटर मागवतात."

"दुबईत स्वेटर घालून उकडून घेऊ काय?"

लिव्हरपूलला पहिल्या दिवशी नदीच दिसली नाही. इतकं धुकं, की हाताला गार लोखंड लागलं तेव्हा कठडा आला हे कळलं. आत कुठेतरी बोटींचे भोंगे वाजत होते, शेजारच्या खोलीत कुणी झोपेत बोलावं तसे. काळ्या पडलेल्या विटा, ओले दगडी रस्ते, सगळं शाळेतल्या इंग्रजी पुस्तकांमुळे ओळखीचं वाटत होतं. तरी चहाच्या दुकानात "थँक यू" म्हणताना माझा आवाज फुटेना.

दुसऱ्या दिवशी पातळसं ऊन पडलं. एक करडी बोट हळूहळू समोरून चालली होती. डेकवर दोराशी एक माणूस वाकलेला. चेहरा कळत नव्हता. तो सरळ झाला आणि त्यानं हात हलवला. हात अगदी स्पष्ट दिसला. माझ्या बाजूला उभे असलेले एक आजोबा कागदातले तळलेले बटाटे खात बोटीकडे बघत राहिले. मी ओळखीच्यांनाही लांबून हाक मारत नाही. पण माझा हात वर गेला.

"ओळखीचा आहे का?" नवऱ्यानं विचारलं.

"हो," मी म्हटलं.

परत आल्यावर अब्बा मला संध्याकाळी खाडीवर घेऊन गेले. आम्ही काठावर बसलो. माणसं नेणाऱ्या लाकडी होड्या, अब्रा, पलीकडे जात-येत होत्या, पाणी तांबूस झालं होतं.

"सांग गो. दिसतो?"

उत्तर तयार होतं, पण ते तोंडाशी आलं आणि मी थबकले. दिसत असेल, तर मग त्या लोकांना अब्बाही दिसत होते.

"पहिल्या दिवशी धुकं होतं. काहीच दिसलं नाही."

"आणि मग?"

"मग ऊन पडलं. तेव्हा दिसला. त्यानं हात हलवला, मीपण हलवला."

अब्बा पाण्याकडे वळले.

"आमच्या वेळी धुकंच असायचं," ते म्हणाले. "रोज."

मी मान डोलावली.

"तू हात नीट वर केलास ना? का आपला पदराआडून?"

"नीट वर."

"दाखव."

मी इकडेतिकडे पाहिलं आणि हात उंच केला. खाडीतून बाहेर निघालेल्या एका लाँचवर कुणीतरी पोती रचत होता. त्यानं लगेच हात हलवला.

अब्बा काठी टेकत उठले आणि लाँच वळेपर्यंत हात हलवत राहिले.