इंजिनाचा श्वास कोंडला तेव्हा

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी सैन्याच्या इंजिनिअर्समध्ये हवालदार होतो, गाव लांज्याजवळ. रत्नागिरीत पूर आला आणि आमची तुकडी आंबा घाट उतरून, पालीमार्गे खाडीकाठी पोचली.

सोबत दोन बोटी होत्या. त्यांची पेट्रोल इंजिनं आमच्या मेजरसाहेबांनी 'सुधारली' होती. लाटेचं पाणी आत जाऊ नये म्हणून हवा ओढायच्या तोंडावर बारीक भोकांचं पत्र्याचं झाकण बसवलं होतं. पाणी जात नव्हतं, पण हवाही पुरत नव्हती. हवा कमी पडली की पेट्रोल अर्धवट जळतं, काळा धूर येतो, प्लगवर काजळी धरते, जोर जातो आणि वर पेट्रोल जास्त लागतं. रिकाम्या बोटीत हे कळत नाही. लान्सनाईक वसंत आणि मी भरलेल्या बोटीत सराव करून तसा रिपोर्ट दिला होता. उत्तर आलं, डिझाइन वर दाखवून झालंय, झाकणाला हात लावायचा नाही.

त्या सकाळी ओहोटी लागली होती. पूर आणि ओहोटी, दोन्हींची ओढ समुद्राकडे. वसंतच्या बोटीत कोळीवाड्यातल्या बाया आणि मुलं होती. मी काठावर, रेडिओ सेटवर; सेटवर मी 'वन', वसंत 'टू'.

"वन, टू. फुल थ्रॉटल आहे. बोट मागे जातेय. ओव्हर."

मागे पुलाचे खांब होते.

"टू, वन. झाकण उपट. ओव्हर."

"रॉजर."

सुकाणू बोटीतल्या जोडीदार जवानाकडे देऊन तो उभा राहिला, वाकला आणि पक्कडीने पत्रा उपटला. इंजिन दोनदा खोकलं, मग गरजलं. बोट पुढे सुटली. तेवढ्यात वाहत आलेला ओंडका समोरून आदळला आणि वसंत पाण्यात गेला. जोडीदाराने बोट काठाला लावली. सगळे उतरले. वसंत दुसऱ्या दिवशी भाट्याच्या किनाऱ्यावर मच्छीमारांना सापडला.

चौकशीत ठरलं की वसंत नियम मोडून चालत्या बोटीत उभा राहिला, बेसावध होता. मी झाकणाचं बोललो, तर विषयाला धरून बोला म्हणाले. नंतर सगळी झाकणं गुपचूप काढली. कारण कोणी सांगितलं नाही. आजही 'बेसावध' हा शब्द ऐकला की माझं डोकं तापतं.

वसंतच्या वडिलांनी मला एवढंच विचारलं, "पोर बेसावद व्हता म्हनतात. खरा हाय काय?"

"नाही काका. तो उभा राहिला म्हणून बोटीतली माणसं जगली."

बाराव्याला साहेबांपैकी कोणी आलं नाही. कोळीवाडा आला. बायांनी मुलांना पुढे केलं आणि वसंतच्या फोटोसमोर एकेकाचं नाव सांगितलं.