चारपर्यंतची खोली

पौडच्या पुढं, धरणाकाठच्या हॉटेलात मी खोल्या आवरते. तितं एक साहेब येत्यात, एकलेच. कंपनीच्या कामानं गावोगावच्या हॉटेलांत राहून त्यांचे पॉइंट साठत्यात, त्यावर एक रात्र फुकट मिळती. ती मुदतीत वापरायची म्हनून येत्यात. दुपारी चारपर्यंत खोली ठेवायची सवलतबी सोडत न्हाईत. "वाया नको जायला," जांभई देत म्हनत्यात. मी भाईर ताटकळते, गावाकडची जीप चुकती.

परवा अकरालाच दार उघडलं. माझे सुजलेले पाय बघून म्हनले, "मावशी, चारपर्यंत खोली माझीच आहे. वाया नको जायला. तुम्ही झोपा, मी खाली बसतो."

मी कडी लावली. सवयीनं आधी चादर बदलली. मग ती चुरगळंल म्हनून फरशीवरच आडवी झाले.