एका पिक्सेलची रेघ

माझ्या लग्नात वडिलांची एकच इच्छा होती. दोन्ही भाऊ एका मांडवात दिसावेत. नवरदेवाची चौकशी त्यांनी त्यामानाने उरकलीच होती.

मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ आणि काका म्हणजे धाकटे. दोघं नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. देऊळघाटच्या शेतातला बांध कोणीतरी हातभर सरकवला म्हणे. कोणी, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की ताटातलं जेवण थंड व्हायचं. वडील मधले, त्यामुळे इकडचे निरोप तिकडे वाहायची हमाली त्यांच्याकडे.

पत्रिकेवर वयाने मोठे म्हणून मोठेबाबांचं नाव वर येणार, हे उघड होतं. काकांनी कळवलं, ‘त्याच्या नावाखाली माह्यं नाव असन तं मी येत नाही.’ मग वडिलांनी बेरकी तोडगा काढला. दोन प्रकारच्या पत्रिका छापल्या. एकीत हे वर, दुसरीत ते वर, आणि ज्याच्या त्याच्या घरी बरोबर तीच पोचेल अशी व्यवस्था केली.

एवढ्यावर भागलं असतं. पण मी तेव्हा बुलढाण्यात एका छोट्या ऑफिसात वेबसाइट बनवायचे आणि अंगात भलती मस्ती होती. म्हटलं, माझी पत्रिका इंटरनेटवर टाकते. वडील घाबरले. तिथे दोन प्रकारच्या टाकता येतात का? नाही, पत्ता एकच. मग मीच म्हणाले, “वर-खाली हवं कशाला? दोन कॉलम करते. दोघं शेजारी-शेजारी, एका पातळीवर.” वडिलांनी माझ्या शिक्षणाचं त्या दिवशी पहिल्यांदा कौतुक केलं.

आज हे काम ग्रिड नावाच्या तयार चौकटीमुळे कोडच्या दोन ओळींत होतं. तेव्हा कॉलम डावीकडे ढकलून, मोजूनमापून बसवावे लागत. डावीकडे मोठेबाबा सहकुटुंब, उजवीकडे काका सहकुटुंब, दोघांना पन्नास-पन्नास टक्के रुंदी. वडिलांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. “मधात एक रेघ मार. सरमिसळ नको.” मी मारली, एका पिक्सेलची, म्हणजे स्क्रीनवरच्या एका ठिपक्याएवढी बारीक. ही रेघ पन्नास टक्क्यांच्या आतच मोज, असं माझ्या ब्राउझरला स्टाइलशीटमध्ये, म्हणजे पानाच्या मांडणीच्या सूचनांत, बजावलं आणि त्याने ऐकलं. सगळे ब्राउझर ऐकत नाहीत. ते तपासायचाच तर मला पगार मिळत होता. पण स्वतःच्या लग्नात कोण तपासत बसतं?

दोन दिवसांनी काका सातबारा काढायला गावातल्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात गेले. दुकानदाराने हौसेने पत्रिका उघडून दाखवली. तिथला कॉम्प्युटर जुना, त्यातला ब्राउझर त्याहून जुना. त्याने रेघ वेगळी मोजली: पन्नास, पन्नास आणि वर रेघेचा एक पिक्सेल. मावत नाही म्हणून त्याने काकांचा कॉलम उचलला आणि सरळ मोठेबाबांच्या खाली नेऊन टाकला. वर उजवीकडे अर्धं पान रिकामं.

काकांचा फोन आला. “एवढी जागा पडून हाय, तरी मले खाली टाकलं? मी येत नाही लग्नाले.”

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. वडील ओट्यावर जाऊन बसले आणि चहाला नाही म्हणाले. आमच्या घरात याहून मोठं संकट कोणी पाहिलेलं नाही. मला माझाच भयंकर राग आला.

मी दोघांचा एकेक टक्का कापला. रेघ मावली. काकांच्या घरी जाऊन लॅपटॉपवर दाखवलं, तर म्हणाले, “तुह्या डब्यावर तं सगळं सरळच दिसते. दुकानातल्यावर दाखव.”

काका, वडील आणि मी, आम्ही तिघं दुकानात गेलो. वडील धीर होईना म्हणून बाहेरच थांबले. आत बाकावर मोठेबाबा आधीच बसलेले. पत्रिकेत तुम्ही वर आणि भाऊ खाली, हे गावाने त्यांच्याही कानावर घातलं होतं, म्हणून बघायला आले होते. मी पान उघडलं. दोन्ही कॉलम एका पातळीत. काका बाकाच्या टोकावर टेकून मान उंच करत होते.

मोठेबाबा स्क्रीनकडेच बघत म्हणाले, “सरक इकडं. तिथून काय दिसते?”

हे आपल्याला म्हटलंय, हे कळायला काकांना जरा वेळ लागला. मग ते सरकले.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण कामाची खोड. मी म्हणाले, “मोबाइलवर मात्र एकाखाली एकच दिसेल. तिथे दोन कॉलमची रुंदी नसते. कोणीतरी वर, कोणीतरी खाली.”

दुकानदार हातातला फॉर्म ठेवून आमच्याकडे वळला.

“मंग याले ठेव वरतं,” मोठेबाबा म्हणाले. “लहान हाय तो.”

काका उसळले. “मी काऊन वरतं? मोठा तू हायेस, तू ऱ्हाय वरतं!”

“मी सांगून राह्यलो ना!”

“तू कोन सांगनारा?”

आवाज चढले. वडील चपला दारात टाकून धावत आत आले. बघतात तर नऊ वर्षांनी दोघं एकमेकांकडे तोंड करून भांडत होते.

“कशावरून?” त्यांनी मला हळूच विचारलं.

“खाली कोणी राहायचं यावरून.”

वडील तिथेच उंबऱ्यावर बसले. मी पुढे व्हायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला आणि डोळे पुसत म्हणाले, “थांबवू नको त्यायले.”