अकरा वाजताचा ठिपका

तापलेल्या प्लास्टिकचा वास गोड असतो, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. किंचित जळका, किंचित मेणासारखा. तो ओढणीत शिरतो आणि धुतल्यावरही शिवणीत उरतो. त्या वासातून बेन चालत येत. चार नंबरच्या मशीनची पाच झाकणे ओंजळीतून टेबलावर निवायला मांडीत आणि मला बजावीत, "आकडा आहे पोरी, जावई नाही. त्याचे लाड करायचे नाहीत."

सिल्वासातल्या आमच्या कारखान्यात औषधाच्या बाटल्यांची झाकणे होतात. बेन धुळ्याकडच्या, पण इथल्या रिवाजाने सगळ्यांच्या बेन. कंत्राटावरच्या तपासनीस. दर तासाला पाच झाकणांचे आतले माप घ्यायचे, त्यांची सरासरी काढायची आणि भिंतीवरच्या चार्टवर एक ठिपका द्यायचा, एवढेच त्यांचे काम. चार्टची मधली रेषा म्हणजे मशीनची रोजची चाल. वरखालच्या दोन लाल रेषा म्हणजे त्या चालीची हद्द. ठिपका हद्द ओलांडून गेला, की मशीनचे काहीतरी बिनसले. बेन ठिपके शाईने देत. "पेन्सिलीच्या शेपटीला रबर असतं," म्हणत.

मी तेव्हा नवी, उमेदवारीवर होते. मे महिन्यातल्या एका दुपारी पत्रे इतके तापले होते, की शेडमध्ये जाणे माझ्या जिवावर आले. तपासणीच्या गार खोलीत बसून मी तीन तासांचे ठिपके मनानेच दिले, मधल्या रेषेच्या अगदी कुशीत. बेननी चार्ट पाहिला, मग मला पाहिले.

"मशीनला झोप लागली होती का गं?"

"का?"

"इतकं गुणी मशीन मी जन्मात नाही पाहिलं. चालतं मशीन थोडं वरखाली होतंच. हे तर फोटो काढायला बसलंय!"

मी खोडायला हात पुढे केला, तर त्यांनी मनगट धरले. "खोडू नको. बाजूला लिही, मोजले नाही." मी लिहिले. आठवडाभर येणारा-जाणारा प्रत्येक ऑपरेटर ते शब्द मोठ्याने वाचून जाई. माझे कान मेणबत्तीसारखे वितळत. बेन शांतपणे चहा पीत.

मग ती सकाळ आली. पहिल्या शिफ्टपासून ठिपके पायरी पायरीने उतरत होते. सगळे हद्दीत होते, म्हणून कोणाला त्यांचे काही वाटले नाही. दहा वाजता बेन साहेबांकडे गेल्या. "गिऱ्हाइकाच्या मापात आहे ना?" साहेब म्हणाले. "आत्ता आहे," बेन म्हणाल्या, "पण चाललंय कुठे ते बघा." साहेबांनी बघितले नाही. अकराचा ठिपका लाल रेषेखाली उतरला आणि बेननी मशीन थांबवले.

"बेन, मारुं टार्गेट गयुं!" दुधनी गावचा ऑपरेटर कळवळला.

साचा गार ठेवणाऱ्या पाण्याच्या नळीत गाळ बसला होता. साचा तापला, की झाकण निघाल्यावर जास्त आक्रसते, बाटलीवर पुरते बसत नाही आणि औषध झिरपते. बेननी सकाळचा सारा माल बाजूला काढला आणि ठिपक्याखाली हे सगळे लिहून ठेवले.

आठ दिवसांनी गिऱ्हाइकाकडून तपासणी व्हायची होती. आदल्या दुपारी साहेब एक कोरा चार्ट घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, तुमचं अक्षर सुरेख आहे. हा नव्याने उतरवून काढा. तेवढा अकराचा ठिपका वर घ्या, खालचं टिपण नको." जरा थांबून म्हणाले, "तुम्हाला कायम करायचं पत्र माझ्याकडेच आहे, बरं का."

मी पेन उचलले. तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. मी ते उचलले. तेवढ्यात बेन आत आल्या. त्यांनी माझ्या हाताखालून तो कागद सरकवला आणि साहेबांपुढे ठेवला.

"काढा साहेब. ठिपका तुम्ही द्या, सहीपण तुमचीच करा. पोरीचा हात कशाला?"

"बेन, तुमचं कंत्राट मार्चपर्यंतच आहे. आहे ना लक्षात?"

"आहे की. पण अकरा वाजता मशीन बिघडलं होतं. मार्च गेल्यावरही ते अकरा वाजता बिघडलेलंच राहणार."

साहेबांनी कोरा चार्ट उचलला आणि ते निघून गेले. साहेबांनी सही केली नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणीला आलेले गृहस्थ त्याच ठिपक्यावर बोट ठेवून बराच वेळ उभे राहिले. टिपण वाचले, बाजूला काढलेला माल पाहिला आणि पुढच्या मशीनकडे गेले. ऑर्डर टिकली. माझे पत्रही यथावकाश आले. बेनचे कंत्राट मात्र मार्चमध्ये संपले ते संपलेच. कारण काय, ते कोणी सांगितले नाही, आणि बेननीही ते विचारून कोणाला मान दिला नाही.

आता तो चार्ट मी भरते. साहेब अजून कधीतरी मागे येऊन म्हणतात, "जरा वर घ्या ना." मी घेत नाही. ते उभे राहतात, मीही उभी राहते.

बेनना शेवटचे पाहिले ते फाटकाबाहेर, रांधा गावाकडे जाणाऱ्या रिक्षात. तीन बायकांच्या मध्ये अंग चोरून, डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. इतके दिवस मनात राहिलेले मी विचारून टाकले, "बेन, त्या दिवशी साहेबांसमोर तुम्हाला भीती नाही वाटली?"

रिक्षा धडधडू लागली होती. त्या वाकून बाहेर डोकावल्या आणि तिच्या आवाजाच्या वर आवाज चढवून म्हणाल्या,

"वाटली!"