पास्कूच्या बादलीतली काचेची नळी

बहारीनमध्ये राहिलेली वसईची चार माणसं एकत्र आली की कुणीतरी विचारतंच, "पास्कूची बादली आठवते का?" मग चहा निवून जातो, बायका घड्याळाकडे बघायला लागतात आणि आमचं हसणं काही थांबत नाही.

गोष्ट नव्वदीतली. मी हूरामधल्या एका हॉटेलात रिसेप्शनला होतो. पास्कू सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये एसी दुरुस्त करायचा आणि आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायचा. त्याचा इंग्रज साहेब कायमचा मायदेशी निघाला आणि जाताना घरी बिअर बनवायचं सगळं सामान पास्कूला देऊन गेला. झाकणाची मोठी बादली, माल्टचे डबे, यीस्टची पाकिटं आणि रेघा आखलेली एक काचेची नळी. दुकानात बिअर मिळत होती, पण पास्कूला आता स्वतः बनवलेलीच हवी होती!

नळीचं गणित सोपं. माल्टच्या गोड, दाट रसात ती वर तरंगते. यीस्ट साखर खात गेलं की रस पातळ होतो आणि नळी खाली बसत जाते. साहेबाने सांगितलेल्या रेघेवर येऊन रोज तिथेच थांबायला लागली की बिअर तयार. त्याआधी बाटल्या भरल्या तर त्या फुटतात.

पास्कूची बायको मार्था हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होती. तिथे लघवी तपासायला अगदी अशीच नळी वापरायचे. पास्कूने मोठ्या कौतुकाने आपली नळी तिच्यापुढे धरली.

"दिवसभर मी हेच करते," ती म्हणाली. "घरी तरी नको."

तेव्हापासून पास्कूने बादलीच्या बाबतीत तिला एक शब्दही विचारला नाही.

*

पहिल्या खेपेला पास्कूने आधी नळीचीच परीक्षा घेतली. साध्या पाण्यात ती शून्यावर बसायला हवी. ही थोडी वर राहिली. नळी खोटं बोलते असं आम्ही ठरवलं आणि रोजच्या आकड्यातून तेवढं वजा करत गेलो. आकडा लवकर मनासारखा आला, आम्ही खुशीत बाटल्या भरून स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवल्या.

त्या आठवड्यात पास्कूकडे रोझरीची प्रार्थना होती. सगळे गुडघ्यावर. तेवढ्यात कपाटात पहिली बाटली फुटली. मग दुसरी. मार्थाने डोळे न उघडता आवाज चढवला, आम्हीही चढवला, आणि बाटल्यांनी आमच्यावर चढवला! सिलिंडर उडाला समजून खालच्या मजल्यावरचे हनीफभाई अनवाणी धावत आले.

हनीफभाई रत्नागिरीचे, कापडाच्या दुकानात हिशेबनीस. पाचवेळचे नमाजी. आम्ही त्यांना नळीची कर्मकहाणी सांगितली. त्यांनी शांतपणे विचारलं, "पाणी खंयचा घेतलंव?"

"नळाचं."

"अरे, त्या खाऱ्या पाण्यात आमची डाळ शिजत नाय!"

नळी खरंच बोलत होती, खाऱ्या पाण्याने तिला वर उचललं होतं.

*

दुसऱ्या खेपेला आम्ही फारच काळजी घेतली. मोजायचं म्हणजे उंच ग्लासभर बिअर काढून त्यात नळी सोडायची. सकाळी पास्कू मोजायचा. दुपारी मी खात्री करायचो. संध्याकाळी कुणी ना कुणी यायचंच, आणि आल्यावर त्यालाही शंका यायची. एकदा काढलेली बिअर परत बादलीत ओतायची नाही, नाहीतर सगळी नासते, असं साहेबाने बजावलं होतं. मग ती पिण्यावाचून इलाज नव्हता.

अखेर नळी एका रेघेवर ठाम थांबली. आम्ही बाटल्या धुतल्या, टाळ्या वाजवल्या, बादलीचं झाकण उघडलं. तळाशी नुसता गाळ उरला होता.

*

तिसरी खेप लावली त्याच सुमारास मार्थाला मुलगा झाला. पास्कूला त्याचं नाव आपल्या वारलेल्या बापाचं, इनास, ठेवायचं होतं. मार्थाला केविन हवं होतं. रोज वाद. शेवटी तीच म्हणाली, "बारशाच्या शुक्रवारी चर्चला निघायच्या आधी तुमची नळी साहेबाने सांगितलेल्या रेघेवर बसली, तर इनास. नाहीतर केविन, आणि बादली कचऱ्यात."

पास्कूने हात पुढे केला आणि पैज लागली.

आता पंच कोण? आमच्यातला कुणीही पंच झाला की ग्लास रिकामा करणारच. हनीफभाईंना गळ घातली. ते म्हणाले, "हात लावणार नाय, वास घेणार नाय. लांबून रेघ तेवढी वाचीन." आणि खरंच, नाकाला रुमाल लावून ते रोज वाचायला यायचे. आम्ही बिल्डिंगभर आकडा सांगत सुटायचो. नळी खाली चालली होती!

*

शुक्रवार उजाडला. चर्चमधल्या मिस्साची वेळ होत आली. पास्कूने सूट चढवला होता. त्याने ग्लास भरून नळी सोडली. नळी डुचमळली आणि थांबली. हनीफभाई वाकले.

"एक रेघ वर हाय, पास्कू."

पास्कूने पुन्हा बघितलं, मीही बघितलं. एक रेघ वरच होती. पास्कू खुर्चीत बसला. "बाबाला शेवटचं बघायलाही मिळालं नव्हतं रे मला," एवढंच तो बोलला. हनीफभाईंनी रुमाल खिशात ठेवला.

मार्था बाळाला घेऊन दारात उभी होती. तिने बाळ माझ्या हातात दिलं, ग्लासापाशी आली, नळीचं टोक दोन बोटांत धरून तिला भोवऱ्यासारखी एक गिरकी दिली आणि सोडून दिली. नळीला चिकटलेले बारीक बुडबुडे सरसर वर गेले. नळी हलकेच खाली बसली.

हनीफभाईंनी चष्मा पुसून बघितलं. "खलास. बसली."

चर्चमध्ये फादरनी बाळाचं नाव विचारलं. पास्कू तोंड उघडायच्या आत मार्था म्हणाली, "इनास."