सहाशे चाळीस गुणांचा पिचर

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास, जळगावातल्या एका मंगल कार्यालयात, आमच्या बेसबॉल संघाने एका पिचरवर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यावर, हजारपैकी सहाशे चाळीस गुण लावले. करार दोन हंगामांचा होता. त्या दिवशी स्कोअरशीट आणि लिलावाची नोंद ठेवण्याचं काम माझ्याकडे होतं. वर्तमानपत्राच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी संघासाठी तेवढंच करत होतो.

लीग दोन जिल्ह्यांची होती. संघ सहा: जळगाव, धुळे, भुसावळ, पाचोरा आणि आणखी दोन. प्रत्येकाला चौदा खेळाडूंसाठी हजार गुण मिळत. हे गुण म्हणजे पैसे नव्हते; खेळाडूंना बूट, प्रवास आणि नाश्ता एवढंच मिळे. पण एकदा लावलेले गुण करार संपेपर्यंत त्या खेळाडूच्या नावावर राहत. त्याला दुसऱ्या संघात दिलं, तर गुणही त्याच्यासोबत जात आणि घेणाऱ्या संघाच्या हजारातून वजा होत.

आमच्या संघाचे प्रमुख हार्डवेअरचे व्यापारी होते. घराणं मूळ राजस्थानातलं, जळगावात तिसरी पिढी. सगळे त्यांना भाऊ म्हणत. धुळ्याच्या संघाचे प्रमुख कापसाच्या जिनिंगवाले होते, त्यांना सगळे आबा म्हणत. दोघे कॉलेजात एका बाकावर बसलेले. पिचरचं नाव पुकारल्यावर बोली शंभरावर सुरू झाली. तीनशेनंतर बाकीचे चार संघ थांबले. पुढचे तीनशे चाळीस गुण या दोघांनी आपसात चढवले. भाऊंनी सहाशे चाळीस म्हटल्यावर आबांनी हात खाली घेतला आणि शेजाऱ्याला सांगितलं की आपण नुसती बोली वाढवत होतो. ते भाऊंनाही ऐकू गेलं. जेवणाच्या सुट्टीआधी बोली मागे घेता येईल असा नियम होता. मी तो नियम भाऊंना दाखवला. त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. "दुकानात बसून बोललेला भाव मी कधी फिरवला नाही," ते म्हणाले. "इथं फिरवू?"

त्या किमतीत माझाही हात होता. आदल्या वर्षी एका बातमीत मी या पिचरला 'जिल्ह्यातला सर्वांत वेगवान हात' असं म्हटलं होतं. वेग कोणी मोजला नव्हता. मोजायचं यंत्र दोन्ही जिल्ह्यांत मला कुठे आढळलं नव्हतं. भाऊंनी त्या बातमीचं कात्रण दुकानात काचेखाली ठेवलं होतं.

पिचर सत्तावीस वर्षांचा होता, पारोळ्याकडच्या एका खेड्यातला. जळगावात पाइपच्या कारखान्यात पाळीवर काम करायचा. उरलेल्या तीनशे साठ गुणांत आम्ही तेरा जण घेतले, त्यांतले नऊ कॉलेजची पोरं. बेसबॉलमध्ये प्रत्येक चेंडू पिचरच्या हातातून सुटतो. संघाकडे दुसरा पिचर होता, वीस गुणांचा. त्याला हंगामभरात दोन डाव मिळाले. सहाशे चाळीसचा माणूस बाकावर बसवायचा कसा, असं भाऊ म्हणत. त्यामुळे ते दोन डाव सोडले तर दहाही सामने या महागड्या पिचरनेच टाकले. भुसावळच्या मैदानावर तो आला की समोरच्या बाकावरून आवाज येई: "सहाशे चाळीस आला रे. सहाशेचा टाक, चाळीस परत घे." तो मान खाली घालून माती सारखी करायचा. आम्ही तीन सामने जिंकलो, सात हरलो. शेवटच्या सामन्यात सहाव्या डावात त्याचा चेंडू कॅचरपर्यंत पोहोचला नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी उजव्या खांद्याची एमआरआय काढायला लावली. पिचिंग बंद, असं त्यांनी लिहून दिलं. हात खांद्याच्या वर नेऊन फेकायचं नाही. ही गोष्ट भाऊ, पिचर आणि मी अशा तिघांना ठाऊक होती.

दुसरा हंगाम शिल्लक होता. भाऊंपुढे दोन वाटा होत्या. वैद्यकीय कारणाने त्याला मुक्त केलं, तर निम्मे गुण म्हणजे तीनशे वीस परत मिळत, पण मग त्या हंगामात तो कोणत्याच संघाकडून खेळू शकत नसे. दुसरी वाट म्हणजे त्याला कोणाला तरी देऊन टाकणं. पिचरला दोन्ही नको होतं. त्याला खेळायचं होतं, पहिल्या बेसवर. तिथला खेळाडू मुख्यतः झेलतो आणि ग्लोव्ह डाव्या हातात असतो. पावसाळाभर तो पाळी सुटल्यावर कारखान्याच्या भिंतीवर चेंडू मारून डाव्या हाताने घेत राहिला. एकदा त्याने मला विचारलं की पहिल्या बेसवर त्याची किंमत किती होईल. मी मागच्या लिलावाचे आकडे काढले आणि नव्वद सांगितले.

"नव्वद चालतील," तो म्हणाला. "मैदानात उभं राहायला तेवढे पुरतात."

डिसेंबरात आबांचा निरोप आला. पिचरच्या बदल्यात ते तीन खेळाडू द्यायला तयार होते, तिघांचे मिळून सहाशे. बोलणी यावल रस्त्यावरच्या एका शेतात भरीत पार्टीला करायचं ठरलं. आमच्याकडे थंडीत अशी बोलणी भरताच्या पंगतीलाच होतात. आबांनी पिचरलाही आणायला सांगितलं. गाडीत भाऊंनी त्याला समजावलं. कोणी विचारलं तर खोटं बोलायचं नाही. कोणी विचारलं नाही तर आपण होऊन बोलायचं नाही. तो खिडकीबाहेर बघत होता.

शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून तयार होती. भरीत ठेचायला बडगी मांडली होती. होडीसारखं खोलगट, लांब लाकडी भांडं. दोन्ही बाजूंनी माणसं बसतात आणि मुसळाने वांगी ठेचतात. हे काम पार्टीतल्या तरण्या माणसांचं. भाऊंच्या हे ध्यानात आलं नव्हतं. आबांनी स्वतः एक मुसळ उचललं आणि पिचरच्या हातात दिलं. त्याने ते उजव्या हातात धरलं, थोडा वेळ तसंच ठेवलं आणि डाव्या हातात घेऊन ठेचायला लागला. आबा त्याच्यासमोर बसून लसूण सोलत होते.

"तू डावखोरा शे का?" आबांनी अहिराणीत विचारलं.

"नही, आबा."

"मंग?"

त्याने मुसळ बडगीच्या काठावर टेकवलं. "मना उजवा खांदा गया शे. आते पिचिंग जमत नही."

आबांनी सोललेला लसूण बडगीत टाकला आणि त्याला ठेचत राहायला सांगितलं. मग ते भाऊंकडे वळले. "मी कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, मग भाव बोलतो. चाळीस वर्षांची ओळख, आणि तू मला वरचा कापूस दाखवायला आणलास?"

पंगत बसली. आबांनी पिचरच्या पानात दोनदा भरीत वाढायला लावलं आणि भाऊंना विचारलं की कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी चालेल की तिच्यातही आधी मीच हात घालून बघू. सगळे हसले. भाऊही थोडे हसले. अदलाबदलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

परतताना गाडी तापीच्या पुलावर आली. भाऊ म्हणाले, "पोट दुखतं म्हणाला असतास तर ठेचायला कोणी बसवलं नसतं."

"तिकडे गेलो असतो तर पहिल्याच मॅचला बॉल हातात दिला असता, भाऊ," पिचर म्हणाला. "मग पहिल्या बेसवरही उभं राहता आलं नसतं. मला दहा दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी भाऊंनी माझ्याकडून मुक्ततेचं पत्र लिहून घेतलं. सही केली आणि खिशात ठेवलं. पत्र देण्याच्या मुदतीला अकरा दिवस होते.

दहाही दिवस सकाळी सहाला मैदानावर कॉलेजची पोरं त्याच्याकडे चेंडू फेकत होती: उंच, बुटापाशी टप्पा पडून, कधी मुद्दाम वाकडे. पोरांचा नेम वाईट होता, त्याचा सरावाला उपयोग झाला. चौथ्या दिवशी एक चेंडू त्याच्या हनुवटीला लागला. त्याने टाके घालून घेतले आणि पाचव्या दिवशी आला. उजव्या हाताने तो फक्त कमरेखालून चेंडू परत करायचा.

दहाव्या दिवशी भाऊ आले. त्यांनी पन्नास फेकी मोजायला सांगितल्या. त्याने सत्तेचाळीस पकडल्या. भाऊंनी माझ्या कागदावरचा आकडा स्वतः तपासला.

"सहाशे चाळीसचा माणूस बेसवर उभा केला तर धुळ्याचे हसतील," ते म्हणाले.

"हसू द्या. मी तिथंच असेन."

भाऊंनी पत्र खिशातून काढून माझ्या हातात दिलं. मुदतीच्या दिवशी लीगच्या कार्यालयात आमच्याकडून कोणतंच पत्र गेलं नाही.

पहिला सामना धुळ्यातच होता. वीस गुणांच्या पिचरने सातही डाव टाकले. समोरून आरोळ्या आल्या, भुसावळपेक्षा थोड्या सौम्य. स्कोअरशीटवर पहिल्या बेसच्या रकान्यात नोंद अशी आहे: आठ झेल, चूक शून्य, चार वेळा बॅटिंग, दोन हिट. आम्ही पाच-चार असे हरलो. त्या हंगामात आम्ही पाच सामने जिंकले. तो दहाही सामने खेळला आणि लीगच्या यादीत त्याच्या नावापुढे शेवटपर्यंत सहाशे चाळीस हाच आकडा होता.

पुढच्या जानेवारीत, त्याच मंगल कार्यालयात, त्याचं नाव पुन्हा पुकारलं गेलं. बोली वीसवर सुरू झाली. भाऊ शंभरावर थांबले. पहिला बेस, एकशे दहा गुण, धुळे, एक हंगाम.